बालकार्सेचा मिस्त्री

श्रोतेहो, आमच्या तालुक्याच्या गावी एक मोटार-मिस्त्री आहेत. ट्रॅक्टर असो, जीप असो की दुधाचा टेम्पो असो, बॉनेट उघडायच्या आधी ते गाडी चालू करायला सांगतात, दोन पावले मागे सरतात आणि मान कलती करून नुसते ऐकत उभे राहतात. आपण काही बोलू लागलो तर हातानेच गप्प बसवतात. मग म्हणतात, "तिसऱ्या सिलिंडरात आहे." आणि बहुतेक वेळा ते तिसऱ्या सिलिंडरातच निघते.

आज ज्याच्याविषयी सांगणार आहे तो माणूस याच जातकुळीतला. फरक इतकाच, की तो पुढे मोटारींच्या शर्यतीत पाच वेळा जगज्जेता झाला. त्याचे नाव हुआन मान्युएल फांजिओ. देश आर्जेंटिना. आपल्याकडे क्रिकेटच्या गप्पा चावडीवर चालतात, तशा तिकडे फुटबॉलच्या आणि मोटारशर्यतीच्या चालतात, आणि त्या गप्पांत हे नाव आजही निघते. गुरुजींनी वर्गातला नकाशा काढला तर दक्षिण अमेरिकेच्या खालच्या अंगाला ब्युनॉस आयर्स हे मोठे शहर सापडेल. तिथून सुमारे चारशे किलोमीटर दक्षिणेला बालकार्से नावाचे गाव आहे. आजूबाजूला बटाट्याची शेती, दूरवर पसरलेली कुरणे, लहान लहान टेकड्या. त्या गावी २४ जून १९११ रोजी फांजिओचा जन्म झाला. आईबाप मूळचे इटलीकडचे. पोट भरायला समुद्र ओलांडून आलेली जी लाखो कुटुंबे आर्जेंटिनात वसली, त्यांपैकी हे एक. बाप गवंडीकाम करी. घरात पैसा नव्हता, पण कामाची लाज कोणाला नव्हती.

पोर अकरा-बारा वर्षांचे झाले नाही तोच मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानात जाऊ लागले. झाडणे, पुसणे, पाने-पकडी हातात देणे, तेल बदलणे. मग पाना धरायला मिळाला. मग दुरुस्त झालेली गाडी गावाबाहेर नेऊन पाहायची कामगिरी मिळाली. तिकडचे रस्ते त्या काळी कच्चे. पाऊस पडला की चिखल, पाऊस नसला की फुफाटा. अशा रस्त्यावर गाडी कुठे घसरेल, किती घसरेल आणि घसरू लागली तर तिला कसे घसरू द्यावे, हे त्याला तिथेच उमगले. घसरणारी गाडी दाबून धरू नये, तिच्याबरोबर थोडे जावे, ही विद्या त्याला पुस्तकाने शिकवली नाही.

तो फुटबॉलही बरा खेळे. पाय जरा फेंगडे, म्हणून दोस्तांनी "एल चुएको", म्हणजे फेंगड्या, असे नाव ठेवले होते. पुढे सारा देश त्याला याच नावाने लाडाने हाक मारू लागला आणि त्यानेही कधी वाईट वाटून घेतले नाही. सैन्यातली सक्तीची नोकरी करून परत आला आणि मित्रांच्या मदतीने गावातच स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. शर्यतीत पहिल्यांदा उतरला तो १९३६ साली, पंचवीस वर्षांचा असताना. गाडी कोणती? तर टॅक्सी म्हणून चालणारी एक जुनी फोर्ड. नावही खरे दिले नव्हते, टोपणनावाने उतरला. ती गाडी शेवटपर्यंत पोचली नाही.

आर्जेंटिनातल्या त्या शर्यती म्हणजे गोल मैदानातल्या फेऱ्या नव्हेत, बरे का. या गावाहून त्या गावाला, या प्रांतातून त्या प्रांतात, साध्या रस्त्यावरून, कधी नद्यांच्या पात्रातून, कधी डोंगरावरून दिवसामागून दिवस धावायचे. गाडीत दोघे असत. एक चालवणारा आणि एक जोडीदार. गाडी मोडली तर दोघांनीच ती वाटेत दुरुस्त करायची. १९३९ साली बालकार्सेच्या लोकांनी आपल्या मिस्त्रीसाठी वर्गणी काढली आणि त्याला शेव्हर्ले गाडी घेऊन दिली. दुकानदार, शेतकरी, कामकरी, सगळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे घातले. आपल्याकडे पैलवानाला खुराकासाठी गाव मदत करते ना, तसेच हे. पुढल्या वर्षी, १९४० साली, ब्युनॉस आयर्सहून निघून अँडीज पर्वत ओलांडून पेरू देशातल्या लिमा शहरापर्यंत जायचे आणि परत यायचे, अशी एक शर्यत झाली. अंतर जवळजवळ साडेनऊ हजार किलोमीटर. ती फांजिओने जिंकली. त्या वर्षी आणि पुढल्या वर्षीही तो देशाच्या रस्तेशर्यतींचा विजेता झाला. नंतर महायुद्धामुळे टायर आणि पेट्रोल यांची चणचण पडली, शर्यती बंद झाल्या, आणि गड्याची तिशीतली चांगली वर्षे व्यापार-धंद्यात गेली.

आता एक दुःखाची गोष्ट सांगतो. ती टाळली तर फांजिओ कळायचा नाही.

१९४८ साली ब्युनॉस आयर्सहून व्हेनेझुएलातल्या काराकासपर्यंत शर्यत निघाली. फांजिओच्या शेजारी त्याचा जोडीदार दानिएल उरुतिया बसला होता. पेरूमध्ये रात्रीच्या वेळी, अंधारात, वळण चुकले. गाडी रस्ता सोडून खाली गडगडली आणि उरुतिया बाहेर फेकला गेला. मागून येणाऱ्या मार्सिया नावाच्या स्पर्धकाने शर्यत बाजूला ठेवली, गाडी थांबवली आणि जखमींना दवाखान्यात पोचवले. उरुतिया वाचला नाही. त्या शर्यतीत मार्सियाचा नंबर दुसरा आला. पहिला नंबर हुकला, पण लोकांनी त्याला "रस्त्यावरचा सद्गृहस्थ" अशा अर्थाची पदवी दिली आणि ती त्याला जन्मभर पुरली.

फांजिओच्या मनाने मात्र ठाव सोडला. शेजारी विश्वासाने बसलेला माणूस गेला आणि चाक आपल्या हातात होते, ही गोष्ट तो विसरू शकला नाही. आता शर्यती पुरे, असे त्याला वाटू लागले होते. वय सदतीस. दुसरा एखादा तिथेच थांबला असता, आणि त्याला कोणी बोल लावला नसता. फांजिओ थांबला नाही. आर्जेंटिनाच्या मोटार क्लबाने युरोपात पाठवायला गाड्या घेतल्या होत्या. १९४९ साली तो तिकडे गेला आणि एकामागून एक शर्यती जिंकू लागला. युरोपातली मंडळी विचारू लागली, की हा टकलाकडे झुकलेला, अबोल, बैठ्या आवाजाचा माणूस इतकी वर्षे होता तरी कुठे?

जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९५० साली सुरू झाली. त्या वर्षी फांजिओ अल्फा रोमिओ या इटालियन कंपनीकडून चालवीत होता आणि अजिंक्यपद थोडक्यात हुकले. पण त्या वर्षीची मोनॅकोची शर्यत मी विसरू शकत नाही. मोनॅको हे समुद्रकाठचे चिमुकले संस्थान. शर्यत गावातल्या रस्त्यांवरूनच होते. पहिल्याच फेरीत बंदराजवळच्या एका वळणावर समुद्राच्या लाटेचे पाणी रस्त्यावर आले होते. एक गाडी घसरली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा नऊ-दहा गाड्यांचा ढीग पडला. फांजिओ सर्वांच्या पुढे होता, त्यामुळे त्याला याची वार्ता नव्हती. फेरी पुरी करून तो त्याच वळणाकडे भरधाव येत होता. वळण आंधळे. पलीकडले काही दिसत नाही.

आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आले, की प्रेक्षक आपल्याकडे पाहत नाहीत.

सर्वांत पुढची गाडी येत आहे आणि लोकांची तोंडे दुसरीकडे! सज्जांतले, कठड्यावरचे, सगळे वळणापलीकडे पाहत आहेत. त्याला आठवले, की याच ठिकाणी १९३६ साली असाच ढीग पडला होता. त्याचे छायाचित्र त्याने थोड्याच दिवसांपूर्वी पाहिले होते. त्याने ब्रेक दाबला. वळणापलीकडे रस्ता मोडक्या गाड्यांनी भरला होता. तो त्यांच्यामधून वाट काढत निघाला आणि शर्यत जिंकला. ही हकिकत नंतर त्यानेच सांगितली. श्रोतेहो, ताशी शे-सव्वाशे किलोमीटरच्या वेगात माणसांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत हे पाहायला किती वेळ मिळत असेल? निमिष म्हटले तरी जास्तच होईल. पण तेवढ्यात त्याने पाहिले आणि त्याचा अर्थही लावला. मला विचाराल तर फांजिओचे सारे कौशल्य या एका गोष्टीत आहे. हात तर सर्वांचेच चपळ होते.

पुढल्या वर्षी, १९५१ साली, अजिंक्यपद मिळाले. शेवटची शर्यत स्पेनमध्ये बार्सिलोना इथे होती. फेरारी कंपनीच्या गाड्यांनी चाकांची निवड चुकवली आणि त्यांचे टायर उखडू लागले. फांजिओच्या गाडीचे शाबूत राहिले. वय चाळीस.

पण हाच सावध माणूस एकदा फसला. १९५२ सालच्या जून महिन्यात एका दिवशी तो उत्तर आयर्लंडमध्ये शर्यत धावला आणि दुसऱ्या दिवशी इटलीत मोन्झा इथे धावायचे त्याने कबूल केले होते. हवा खराब, विमानाचे जमेना. तेव्हा गृहस्थाने रात्रभर मोटार हाकत आल्प्स ओलांडला आणि शर्यत सुरू व्हायच्या अर्धा तास आधी मोन्झाला पोचला. झोप नाही, पोटात धड अन्न नाही. सराव केला नव्हता म्हणून सर्वांत मागून सुरुवात करावी लागली. दुसऱ्याच फेरीत गाडी कडेला आपटली, तो हवेत फेकला गेला आणि मान मोडली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत कमरेला पट्टा बांधीत नसत. कठीण शिरस्त्राण तेवढे नुकतेच सक्तीचे झाले होते आणि त्याने जीव वाचला. ते वर्ष सारे अंथरुणात आणि घरी गेले. मान पुढे जन्मभर ताठ राहिली. मागे वळून पाहायचे तर त्याला खांद्यासकट वळावे लागे. थकलेल्या माणसाने चाक हाती घेऊ नये, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. शब्द दिला होता, म्हणून गेला. ऊस भरलेला ट्रॅक्टर घेऊन रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी कारखान्याच्या रांगेकडे निघणारे आमचे गाडीवान भाऊ हे ऐकत असतील, तर त्यांना या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

नंतरची चार अजिंक्यपदे भराभर सांगतो, कारण आकडे पाठ करण्यासाठी हे भाषण नाही. १९५४ साली आधी मासेराती आणि मग मर्सिडीज, १९५५ साली मर्सिडीज, १९५६ साली फेरारी, १९५७ साली पुन्हा मासेराती. अल्फा धरून चार कंपन्यांच्या गाड्यांवर अजिंक्यपद मिळवणारा दुसरा कोणी आजवर झालेला नाही. एकूण ५१ शर्यतींत तो सुरुवातीच्या रांगेत उभा राहिला आणि त्यांतल्या २४ जिंकल्या. म्हणजे जवळजवळ दोनांतून एक. पाच अजिंक्यपदांचा त्याचा विक्रम शेहेचाळीस वर्षे टिकला. २००३ साली जर्मनीच्या मिखाएल शूमाखरने सहावे पद मिळवून तो मोडला. पण जिंकलेल्या शर्यतींचे जे प्रमाण फांजिओचे आहे, तिथवर इतके नाव कमावलेला कोणी पोचलेला नाही.

मग तो सारखा सुसाट धावत असे का? तर नाही. जिंकायला लागेल तेवढाच वेग, त्याहून जास्त नाही, हा त्याचा नियम. इंजिन, ब्रेक, टायर यांच्यात किती जीव आहे याचा हिशेब डोक्यात चालू. मिस्त्री होता ना! गाडी मोडते तेव्हा आत काय मोडते हे त्याला दिसत असे. कारखान्याच्या मेकॅनिकांशी तो कधी साहेबासारखा वागला नाही. त्यांचे हात काळे असतात तसे एके काळी आपले होते, हे त्याने लपवले नाही. फेरारीकडे असताना आपल्या गाडीला एकच ठरावीक मेकॅनिक द्या, असा आग्रह त्याने धरला. ज्याच्या हातची गाडी त्याच्याच हातची राहावी, हे कोणत्याही सुतार-लोहाराला पटेल.

अंगाची सोशिकता मात्र विलक्षण. १९५५ सालच्या जानेवारीत ब्युनॉस आयर्सला शर्यत झाली. तिकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. असा उन्हाळा, की चालवणारे एकेक करून गाडीतून उतरून सावलीला पडू लागले आणि एकेक गाडी दोघा-तिघांनी आळीपाळीने पुढे नेली. तीन तास एकट्याने गाडी चालवून शर्यत पुरी करणारे दोघेच निघाले. एक फांजिओ आणि दुसरा त्याच्याच देशाचा मिएरेस. गाडीच्या तापलेल्या नळीला लागून फांजिओचा पाय भाजत होता. आपण बर्फात बसलो आहोत असे मनाशी म्हणत राहिलो, असे त्याने पुढे सांगितले. पायावरचा व्रण कायमचा राहिला.

पण त्या वर्षाची आठवण निघते ती दुसऱ्याच कारणाने. फ्रान्समध्ये ल माँ या गावी चोवीस तासांची शर्यत होते. ११ जून १९५५ रोजी ती चालू असताना पुढची एक गाडी थांब्याकडे जाण्यासाठी एकाएकी मंदावली. तिला चुकवायला दुसरी आडवी झाली. मागून पिएर लेवेग हा फ्रेंच चालक मर्सिडीज घेऊन येत होता, तो तिच्यावर आदळला आणि त्याची गाडी उडून प्रेक्षकांत पडली. ऐंशीहून अधिक माणसे त्या ठिकाणी मेली. लेवेगही गेला. फांजिओ त्याच्या लगेच मागे होता. त्याचे म्हणणे असे, की आदळण्यापूर्वी लेवेगने हात वर करून मला इशारा केला. म्हणून मी निसटलो. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला मागच्याची आठवण झाली, आणि मागच्याने तो हात पाहिला. त्यानंतर बऱ्याच देशांनी त्या वर्षीच्या शर्यती रद्द केल्या, स्वित्झर्लंडने तर त्यांच्यावर बंदीच घातली, आणि वर्ष संपताना मर्सिडीज कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. माणसे पाहायला येतात त्या खेळात पाहणाऱ्यांचाच जीव जावा, हा प्रश्न साधा नव्हता. आजच्या शर्यतींत प्रेक्षकांपासून राखलेले अंतर, कठडे, पट्टे, आग न लागणारे कपडे हे जे दिसते, ते पुष्कळ मरणांच्या किमतीने हळूहळू आलेले आहे.

एक मरण फांजिओच्या अगदी जवळचे. ओनोफ्रे मारिमोन हा आर्जेंटिनाचा तरुण चालक त्याच्या हाताखाली तयार झाला होता. मघाशी काराकासची शर्यत सांगितली ना, ती जिंकणारा दोमिंगो मारिमोन हा या पोराचा बाप. बापाने शर्यत जिंकली त्यात फांजिओचा जोडीदार गेला, आणि सहा वर्षांनी पोरगा फांजिओच्या डोळ्यांसमोर वाढून जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग या रस्त्यावर सरावात गेला. ते साल १९५४. दुसऱ्या दिवशी फांजिओने तिथेच शर्यत धावली आणि जिंकली. त्याला काय वाटले असेल हे बाहेरच्याने काय सांगावे?

याच न्यूरबुर्गरिंगवर ४ ऑगस्ट १९५७ रोजी त्याने आपला नियम मोडला. हा रस्ता डोंगर आणि जंगलातून जातो. एक फेरी २२.८ किलोमीटरची आणि अशा २२ फेऱ्या. शेकड्यांनी वळणे. फांजिओने ठरवले, की टाकी अर्धीच भरून हलक्या गाडीने आघाडी घ्यायची आणि मध्ये एकदा थांबून पेट्रोल भरायचे, टायर बदलायचे. फेरारीचे दोघे इंग्रज चालक, माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स, टाकी भरून न थांबता जाणार होते. बेत चांगला होता. बाराव्या फेरीअखेर फांजिओ थांबला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी होती. पण थांब्यावर घोटाळा झाला. चाकाचा नट घरंगळत गाडीखाली गेला आणि तो शोधण्यात वेळ मोडला. गाडी परत रस्त्याला लागली तेव्हा तो त्या दोघांच्या सुमारे पाऊण मिनिट मागे पडला होता.

शेहेचाळीस वर्षांचा माणूस. चार अजिंक्यपदे घरात. दुसऱ्या नंबरावर समाधान मानले असते तर कोणी काही म्हटले नसते. पण त्या दिवशी त्याने जिथे नेहमी खालचा गिअर टाकायचा तिथे वरचाच ठेवला. फेरीमागून फेरी तो स्वतःचाच विक्रम मोडत गेला. आदल्या वर्षीचा त्याचाच विक्रम ९ मिनिटे ४१.६ सेकंदांचा, त्या दिवशी विसाव्या फेरीत त्याने ९ मिनिटे १७.४ सेकंद घेतले. म्हणजे चोवीस सेकंद कमी. एकविसाव्या फेरीत त्याने कॉलिन्सला गाठले, मग हॉथॉर्नला मागे टाकले आणि साडेतीन सेकंदांच्या आसपासच्या फरकाने शर्यत जिंकली. पाचवे अजिंक्यपद तिथेच ठरले. हरलेले दोघे पोरगे त्याला मिठ्या मारून असे नाचले, की जिंकले कोण हे परक्याला कळू नये. त्यानंतर दोन रात्री त्याला झोप आली नाही. असे आपण पूर्वी कधी चालवले नव्हते आणि पुन्हा कधी चालवू शकणार नाही, असे तो म्हणे. लोक या शर्यतीचे गोडवे गातात ते योग्यच आहे. पण तो स्वतः तिच्याविषयी बोले तेव्हा अभिमानाच्या बरोबरीने त्यात थोडे भयही असे, असे मला वाटते.

त्या दोघा पोरांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. कॉलिन्स हा तो, ज्याने १९५६ साली मोन्झाला स्वतःला अजिंक्यपदाची आशा असताना आपली गाडी मोकळ्या मनाने फांजिओला दिली होती, कारण फांजिओची मोडली होती. तो १९५८ च्या ऑगस्टमध्ये याच न्यूरबुर्गरिंगवर मेला. हॉथॉर्न त्या वर्षी जगज्जेता झाला, शर्यती सोडल्या आणि तीनच महिन्यांनी, १९५९ च्या जानेवारीत, इंग्लंडातल्या साध्या रस्त्यावर मोटार अपघातात गेला.

फांजिओने वेळीच हात आवरला. १९५८ च्या फेब्रुवारीत क्यूबाची राजधानी हवाना इथे शर्यतीसाठी गेला असता फिडेल कॅस्ट्रोच्या चळवळीतल्या तरुणांनी त्याला हॉटेलातून पिस्तूल दाखवून पळवून नेले. सरकारची फजिती करावी, एवढाच हेतू. त्याला त्यांनी इजा केली नाही. शर्यत झाल्यावर सन्मानाने परत पोचवले. इकडे त्या शर्यतीत एक गाडी गर्दीत घुसून माणसे दगावली. यानेही पळवणाऱ्यांवर राग धरला नाही. मग ६ जुलैला फ्रान्समध्ये रॅम्स इथे तो शेवटचा धावला. गाडी जुनी झाली होती. पुढे असलेल्या हॉथॉर्नला शेवटी शेवटी त्याला एक फेरीने मागे टाकता आले असते. त्याने गाडी आवरली आणि म्हाताऱ्याला तो कमीपणा येऊ दिला नाही. फांजिओचा नंबर चौथा आला. त्याच शर्यतीत इटलीचा मुसो मेला. उतरल्यावर फांजिओने सांगितले, की संपले.

संपले म्हणजे संपले. तो आर्जेंटिनाला परतला आणि मोटारींच्या धंद्यात पडला. मर्सिडीज कंपनीच्या तिथल्या शाखेचे अध्यक्षपदही त्याच्याकडे आले. पुढच्या पिढीतले मोठमोठे चालक त्याला भेटायला येत, तेव्हा हा माणूस उठून उभा राहून त्यांना खुर्ची देई. बालकार्सेला १९८६ साली त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. जगभरच्या शर्यतीच्या गाड्या तिथे आहेत. चांदीच्या रंगाची मर्सिडीज आहे आणि जुन्या रस्तेशर्यतीतली शेव्हर्लेही आहे. बटाट्याच्या गावी लोक लांबून लांबून येतात ते या संग्रहालयासाठी. वर्गणी घातलेल्या घरांतली नातवंडे-पतवंडे तिथे परक्यांना वाट दाखवतात.

१७ जुलै १९९५ रोजी, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन, तो ब्युनॉस आयर्सला वारला. अंथरुणावर वारला. त्याच्या बरोबरीच्या चालकांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला असे मरण आले. त्याला बालकार्सेला आणले. शवपेटीला ज्यांनी खांदा दिला त्यांत इंग्लंडचा स्टर्लिंग मॉस होता, स्कॉटलंडचा जॅकी स्ट्यूअर्ट होता, आर्जेंटिनाचे गोन्झालेस आणि राउटेमान होते. आणि त्यांच्याबरोबर तोतो होता, त्याचा धाकटा भाऊ.